तोंड गोड

अंजनाच्या हाताला चव होती, आणि तीच पोराच्या मुळावर आली.

जयराज पळायला लागला की शेतातली माणसं खुरपं टाकून बघत राहायची. घराण्यात आजा फौजी, बाप फौजी. बाप आप्पासो, पोराचा आबा, हवालदार होऊन घरी आलेला, आणि आता पोरानं भरती व्हायचं हे पोर पाळण्यात असतानाच ठरलेलं. जयराज सरावावरून आला की अंजना गूळ-तूप-पोळीचं ताट पुढं सरकवायची. "खा रं, पळून पळून रगात आटतंय." पोर गुणाचं, खायचं आणि ताणून द्यायचं. अधूनमधून सकाळी पाय जड पडायचे, पण पळणाऱ्याचे पाय दुखणारच की!

गेल्या हिवाळ्यात सांगलीत शर्यत होती. जयराज पहिला आला. मायलेक मुक्कामाला तिच्या माहेरी गेले, सांगलीच्या जवळच. आनंदाच्या भरात अंजनानं पुरण घातलं आणि पोराला पोटाला तडस लागेस्तोवर वाढलं.

उजाडलं तरी पोरगा उठंना.

"आई, पाय हलंना गं. हात बी न्हाईत हलत."

डोळे टक्क उघडे, बोलणं धड. अंजनाला वाटलं, थट्टा करतोय मेला. तिनं पांघरूण ओढलं, तर त्याचा हात खाटेवरून खाली पडला आणि तसाच लोंबत राहिला. भावजय दारातूनच म्हणाली, "केरबा भावजींसारखंच की वो वन्सं."

सांगलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, सलाईन लावलं, आणि दुपारी पोरगा हिंडायला लागला. काही झालंच नव्हतं जणू! पुढं कसल्याशा मोठ्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी मायलेकांना समोर बसवून सांगितलं. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यात प्रथिनांची इवलीशी दारं. त्यातून क्षार आत-बाहेर करतात, म्हणून स्नायू हलतो. जयराजच्या स्नायूंतलं एक दार जन्मापासून नीट बसत नाही, फटीतून गळतं. लय पळून, वर गोड खाऊन तो निजला की रक्तातलं पोटॅशियम पेशींत घुसतं आणि स्नायू लुळे पडतात.

"पोटॅश? आमी उसाला टाकतो त्येच का?"

"तेच ओ मावशी."

"मग दार दुरुस्त करा की! लागंल त्यो खर्च करू."

"ते दार बदलता येत नाही. औषध घ्यायचं, जपायचं. गोड कमी, अंगमेहनत बेतानं. फौजेचं मात्र आता डोक्यातून काढा. भलत्या जागी झटका आला तर जिवावर बेतेल. माहेरी कुणाला असं व्हायचं का?"

व्हायचं. तिचा थोरला भाऊ केरबा. सकाळी उठायचा नाही म्हणून बापानं त्याला आसूडानं फोडलं होतं, आणि तो पडल्या पडल्या नुसता रडायचा. एकदा पहाटे उसाला पाणी पाजायला गेला आणि सरीतल्या घोट्याइतक्या पाण्यात पालथा पडून मेला. लोक म्हणाले, प्याला असंल. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! हे सगळं आपल्याच रक्तातून पोरात उतरलं, आणि वर आपणच त्याला पोळ्या चारल्या, या विचारानं अंजनाला दवाखान्यातच हुंदका फुटला.

बाहेर आल्यावर जयराजनं तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "आबास्नी सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

वयाप्रमाणं भरतीची ही शेवटचीच संधी होती. मैदान त्यानं मारलं. मेडिकलही पार पडलं. झटका नसेल तेव्हा तो घोड्यासारखा ठणठणीत, डॉक्टरांना दिसणार काय कपाळ!

अंजनानं एकदा मनाचा हिय्या केला. आप्पासो आपल्या जुन्या ट्रंकेवर पोराचं नाव रंगवत बसला होता.

"आवं, जरा ऐका की."

त्यानं वर पाहिलं. एवढा खुशीत नवरा तिनं लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "च्या ठेवू का?" असं विचारून ती आत गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

निघायचा दिवस आला. त्यांच्या गावात फौजेला निघालेल्या पोराला घरटी एकेक गोड घास भरवायची रीत. नाही म्हटलं तर त्या घराचा अपमान आणि वाटेला अपशकुन. साताऱ्याच्या स्टेशनावर न्यायला जीप उभी, पारापुढं हलगी कडाडतेय, आणि बायका रांगेनं पेढा, शिरा, गूळखोबरं पोराच्या तोंडात कोंबतायत. सकाळी गावानं त्याला हौसेनं शिवारभर पळवलं होतं. आता रात्रभर रेल्वेत तो झोपणार.

"संयोगिता, बास कर गं. त्येला गोड सोसत न्हाई."

"काय वो काकू, लेकाला नजर लागंल म्हून हात धरताय व्हय?" शेजारची संयोगिता हसली, बायका हसल्या.

शेवटी आप्पासो पुरणपोळी घेऊन पुढं झाला, तेव्हा अंजनाचा धीर सुटला. शपथ गेली खड्ड्यात! तिनं ताट उडवलं. "मरंल माझं लेकरू! रोग हाय त्येला! गोड खाऊन लुळा पडतोय त्यो! सांगलीच्या डॉक्टरीणबाईस्नी इचारा!"

हलगी थांबली. आप्पासोचा चेहरा पांढराफटक पडला. "जयराज, काय म्हणतीय ही?"

जयराज हसला. "आवं आबा, आई हाय. पोटचा गोळा निघालाय, तोंडाला यील ते बोलतीय." आणि खाली वाकून त्यानं मातीतली पोळी उचलली, झटकली आणि सगळ्या गावादेखत शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी अंजनाला धरलं, "रडू नगा, अपशकुन हुतोय," म्हणून दटावलं.

तो तिच्या पाया पडायला आला आणि उठताना तिच्या कानाशी लागला.

"आई, उद्या सकाळी मी फोन उचलला न्हाई, तर झोपलोय असं समज. आबास्नी बी त्येच सांग."

तिनं मान डोलावली. दुसरं काय करणार होती ती?