रुमालाखालचा सौदा

पिराप्पा म्हणजे मेंढरांच्या बाजारातला पक्का माणूस. त्यानं हात दिला की सौदा झाला, ठाणाकुशनूरपासून उदगीरपर्यंत कुणालाही विचारा. असला माणूस उभ्या जन्मात एकदाच फसला, आणि तोही मेंढराच्या नव्हे, काचेच्या सौद्यात.

दोन हजार पाच साल. त्याचा पोरगा सुनीलकुमार कमलनगरला स्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. खरा जीव मात्र माळावरच्या काळविटांवर. पहाटे मोटारसायकल काढायची आणि रोल संपवून यायचं. फोटोत बघावं तर माळच माळ, आणि कोपऱ्यात मुंगीएवढं काळवीट! काळविटं मोजायला हैदराबादहून एक संस्था आली होती. तिथल्या बाईंनी ते फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "नजर चांगली आहे तुमची. दिवाळीपर्यंत जवळून काढलेले आणा, वर्षभराचं काम देते." नाही जमलं तर मेव्हणा पुण्याला बोलवतच होता, कंपनीच्या गेटवर उभं राहायला. पिराप्पाला नेमकं तेच नको होतं. भावाची दोन्ही पोरं पुण्याला गेली ती गेलीच, सणालासुद्धा तोंड दाखवत नाहीत. आपला एकुलता एक तरी दारात राहावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

लांबचं जवळ दाखवणारी लेन्स नवी घेणं काही झेपणारं नव्हतं. गुलबर्ग्यात एका रिटायर्ड प्रोफेसराकडं दोन जुन्या लेन्स विकायला आहेत असं कळलं. पिराप्पानं मेंढरं विकली आणि म्हणाला, "मी येतो संगं. सौदा मी करतो."

प्रोफेसरानं टीपॉयवर दोन्ही लेन्स मांडल्या. एक रंग उडालेली, तोंडाला पोचा पडलेली. दुसरी कपाटातून काढलेली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, चकाचक. सुनीलकुमारनं पोचा पडलेली कॅमेऱ्याला लावली आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं कबूतर पाहिलं. त्याचा चेहराच फुलला.

"अप्पा, हीच घेऊ."

"येडा हाईस का? किती राबवलीय बघ तिला! म्हातारं जनावर कुणी दावणीला बांधतंय व्हय?"

"राबवलेलीच चांगली असती, अप्पा. कपाटात पडून राहिली की आतनं बुरशी धरती. बघावं लागतंय." त्यानं पिशवीतून बॅटरी काढली आणि चकाचक लेन्समध्ये उजेड टाकायला गेला.

तोवर पिराप्पानं खांद्यावरचा रुमाल काढून प्रोफेसराच्या हातावर टाकलाही होता. बाजाराची रीतच तशी. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं धरून सांगायचा. आणि हात हातात असताना 'खोड काय?' म्हणून विचारलं की विकणाऱ्यानं खरं सांगायचं. जनावर लंगडं असो, मारकं असो, सांगायचं म्हणजे सांगायचं. त्या वेळी घेणाऱ्यानं जनावराचे दात बघायचे नाहीत. बघितले, तर समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं होतं.

प्रोफेसराला भारी मौज वाटली. "अगं, बाहेर ये, गंमत बघ!" त्यानं बायकोला हाक मारली. पिराप्पाला वाटलं, शिकलेला माणूस, पण रीतीचा मान ठेवतोय.

"खोड काय, सर?"

"काही नाही. नव्यासारखी आहे."

"अप्पा, एक मिनिट, जरा बॅटरी लावून..."

"ठेव ती बॅटरी!" पिराप्पा खेकसला. "माणसाचा हात माझ्या हातात हाय अन् तू उजेड पाडून बघायलास? लाज आणतूस व्हय रं?"

सुनीलकुमारनं बॅटरी पिशवीत टाकली. मेंढरं बापानं विकली होती, जीभ कशी उचलणार?

ती चकाचक लेन्स घेऊन पंधरा दिवस तो माळावर पोटानं सरपटला. कॅमेऱ्यातून धुरकट दिसायचं, तर सकाळचं धुकं असेल म्हणून त्यानं मनाची समजूत घातली; बापानं हात देऊन घेतलेल्या लेन्सवर पुन्हा बॅटरी मारायला मन धजलं नाही. एकदाचा कळपातला काळा नर अगदी समोर आला. रोल उदगीरला धुतले, तर सगळ्या फोटोंवर दुधाची साय! लॅबवाल्यानं लेन्स उजेडाकडं धरून दाखवली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

पिराप्पा पोराला ओढतच गुलबर्ग्याला घेऊन गेला. प्रोफेसर जाळीच्या दाराआडूनच बोलला.

"सर, हात हातात धरून इचारलो व्हतो मी, खोड काय म्हणून!"

"अहो, ते होय? मला वाटलं, तुम्ही गंमत करताय. जुनी वस्तू तपासून घ्यायची असते. तुमचा मुलगा तपासत होता, तुम्हीच त्याला अडवलंत."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "बुरशीवालीच ना? मी म्हटलं होतं, आधी सांगून टाका."

प्रोफेसर कानकोंडा झाला, पण क्षणभरच. "दुसरी विकली गेली. आणि ही मी परत घेणार नाही," म्हणाला आणि आतलं दार लावून घेतलं.

पिराप्पा जाळी धरून उभा राहिला. बाजारात असं झालं असतं तर चार गावची माणसं गोळा झाली असती आणि त्या माणसाला पुन्हा कुणी हात दिला नसता. इथं कोण गोळा होणार? शेजारणीनं गॅलरीतून बघितलं, वाळलेले कपडे काढले आणि आत गेली. "हरामखोरा!" पिराप्पा ओरडला. संतापानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दार काही उघडलं नाही.

"चला अप्पा," सुनीलकुमार म्हणाला. "त्यो बाजारात नव्हताच. तुमी एकटेच व्हता."

दिवाळी झाली. हैदराबादच्या बाईंनी दुसरा माणूस घेतला. सुनीलकुमारनं स्टुडिओचं शटर ओढलं आणि पुण्याचं ठरवलं. जायच्या दिवशी पिराप्पा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार.

"मी येतो पुण्यापतूर. खोली कशी हाय, साहेब कसा हाय, एकदा बघून येतो."

सुनीलकुमार बुटाची नाडी बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"न्हाई, अप्पा. आता तुमी माझ्यासंगं कुठंच येऊ नका."

रागानं म्हणाला असता, तर पिराप्पानं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि गेलाच असता. पण पोरानं ते अगदी साधं, शांतपणे सांगितलं, बॅग उचलली आणि दारासमोरच्या जीपमध्ये जाऊन बसला. जीप भरेपर्यंत अर्धा तास तिथंच उभी होती. पिराप्पा उंबऱ्याच्या आतच थांबला.