भिंगावरची हिरवी झाक

मार्गशीर्षातली सकाळ हुपरीत उतरते ती धुक्याच्या पावलांनी. उसाच्या शुभ्र तुऱ्यांवरून, दवभारल्या बांधांवरून, कौलांच्या ओलसर लाल उतारांवरून प्रकाश हळूहळू खाली येतो, आणि गल्लीत शिरला की त्याला चांदी भेटते. उंबऱ्याउंबऱ्याशी पैंजण, परातीपरातीत घुंगरू, आणि इवल्या हातोड्यांचा नाजूक, अखंड निनाद. या गावात ऊनसुद्धा रिकामं बसत नाही.

त्या उन्हात चंपाक्का मगदूम चाळीस वर्षं बसली. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर वातीची ज्योत, ओठांत फुंकणी. फुंकर घालायची, ज्योत लांबवायची, आणि त्या निळ्या, निमुळत्या अग्रानं पैंजणाला घुंगरू जोडायचा. मोहरीएवढा घुंगरू, केसाएवढा सांधा. हात हलायचा नाही, श्वास हलायचा नाही, नजर तर मुळीच नाही.

पण साठी आली आणि नजर हलली. एका घुंगराच्या जागी दोन दिसू लागले, दोन्हीही धूसर, दोन्हीही खोटे. सून त्रिशला गुणाची. तिनं सासूची एकही सबब ऐकून घेतली नाही. दिवाळी सरताच तिनं चंपाक्काला एसटीत बसवलं आणि इचलकरंजीला नेमूअण्णांच्या चष्म्याच्या दुकानात नेलं.

नेमगोंडा उपाध्ये हा माणूस चष्मा विकत नसे, चष्मा जुळवत असे. भिंतीवरची अक्षरं वाचून झाल्यावर त्यांनी दुकानाच्या मधोमध चटई अंथरली, अक्कांना कामाला बसतात तसं बसायला लावलं, आणि टेपनं डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजलं. गिऱ्हाईकं बघत राहिली. चंपाक्का लाजून चूर झाली, पण बसली ती अगदी घरच्यासारखी.

मग भिंगं आली. एक नुसत्या जवळचं. एक मधोमध रेघ असलेलं. आणि तिसरं पातळ, हलकं, रेघेवाचून दूरचं जवळच्यात विरघळवणारं, त्यावर चकाकी गिळणारा सूक्ष्म लेप. तिरकं धरलं की त्यावर हिरवी झाक उमटे, तळ्यावरच्या शेवाळासारखी. “ज्योतीसमोर बसणाऱ्याला हेच बरं,” अण्णा म्हणाले. “फक्त साध्या पाण्यानं धुवायचं, अन् ह्या कापडानं टिपायचं. दुसरं काय लावायचं न्हाई, अक्का.”

चंपाक्कानं मान डोलावली. अशा वेळी आपण सगळेच डोलावतो.

चष्मा आला आणि जग धुऊन निघालं. चिंचेचं पान न् पान सुटं झालं. घुंगराच्या पोटातली चीर दिसली, सांध्यावरून वितळत जाणारा थेंब दिसला, आणि फडताळामागची तीन वर्षांची जळमटंही दिसली. त्रिशलाचे धाबे दणाणले. आठवडाभर घरात झाडू थांबला नाही आणि चंपाक्काचं तोंडही.

इतक्या मोलाची वस्तू तिनं जपली नसती तरच नवल. तिनं जपली, आणि तिथंच घात झाला.

एका संध्याकाळी काम आवरताना तिनं चष्मा तिरका धरला. भिंगावर हिरवट, जांभळट झाक. आता हुपरीच्या पोरासोरालाही ठाऊक असतं, की चांदीवर अशी झाक आली म्हणजे हवा लागली, आणि आज झाक आली की महिन्यात काळं पडलंच. उपायही पिढ्यान् पिढ्यांचा: रिठ्याचा फेस, आणि पितळी तारांचा मऊ ब्रश. चंपाक्कानं भिंगं फेसात बुडवली, हलक्या हातानं, गोल गोल, मायेनं घासली. रोज घासली. अण्णांनी दिलेलं ते मऊसूत कापड तिनं ट्रंकेत ठेवलं, कारण इतकं चांगलं कापड काय पुसायला वापरायचं? पंधरा दिवसांत झाक विरली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पौष लागला. आणि एका सकाळी ज्योतीला वलय पडलं.

आधी फिकं, श्वासाएवढं. मग रुंद, मग रंगीत, तांबूस-निळं, थरथरतं. चंपाक्कानं डोळे मिटले, उघडले. वलय तिथंच. तिनं पदरानं ज्योत मालवली.

कारण हे वलय तिनं ऐकलेलं होतं. तिची आई एकदा बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परतली आणि म्हणाली होती, “चंपे, दिव्याला कडं पडलंय गं.” त्या कड्यानंतर आईच्या नजरेच्या कडा आत आत येत गेल्या. आधी दाराची चौकट गेली, मग अंगण, मग लेकीचा चेहरा. कुणी म्हणालं काचबिंदू, तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची अकरा वर्षं आईनं बोटांनी पाहिलं.

चंपाक्कानं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल, असं तिला वाटत होतं. ती भ्याली होती, आणि भ्यालेली माणसं करतात तसं तिनं गुपचूप तयारी सुरू केली.

ती पाहू लागली. साठवण्यासाठी पाहू लागली. चुलीवरच्या भाकरीचा फुगता चंद्र तिनं साठवला. उसातल्या दंडातून उतरणारं पाटाचं पाणी साठवलं. झोपलेल्या नातीच्या पापण्या, त्रिशलाच्या वेणीतली अबोली, बांधावरचा एकटा बगळा, सांजेची शेंदरी किनार; सारं ती एकेक करून आत ठेवू लागली, अधाशासारखी, पुन्हा मिळणार नाही अशा हिशेबानं. सूर्य मावळेपर्यंत ती ओट्यावरून उठत नसे. पाहणं तिला आता सुखाचं उरलं नव्हतं.

आणि दुपारी, घर निजलेलं असताना, ती डोळे मिटून घुंगरू जोडायला शिकत होती.

त्यातच बोट भाजलं. टप्पोरा फोड आला. संध्याकाळी ताट वाढताना त्रिशलानं हात धरला. “आत्ती, चाळीस वर्सांत कधी भाजलं न्हाई तुमाला. हे काय?”

चंपाक्कानं हात सोडवून घेतला. मग एकदम बोलली, सगळं बोलली, आईचं, कड्याचं, मिटल्या डोळ्यांचं. सासूचं रडणं त्रिशला पहिल्यांदाच पाहत होती. तिनं ताट बाजूला सारलं, सासूला जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी धरली.

नेमूअण्णांनी हसण्यावारी नेलं नाही. आईला काचबिंदू होता म्हटल्यावर त्यांनी आधी वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, यंत्रातून आतली नस न्याहाळली, पुन्हा मोजला. म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, फक्त दर वर्षी येऊन दाखवत जा. चंपाक्काला ते पटेना. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल?

खाली अण्णांनी तिच्या नाकावर तपासणीची गोल चौकट चढवली, तिच्याच नंबरची नवी भिंगं सरकवली, दुकानाचं दार लोटून दिवे मालवले, आणि मेणबत्ती पेटवली.

“कडं हाय?”

दुकान थांबलं. ज्योत उभी होती, सडसडीत, सोनसळी, एकटी. तिच्याभोवती काही नव्हतं. चंपाक्कानं श्वास रोखून पाहिलं. नुसता काळोख होता, आणि तोही स्वच्छ.

“न्हाई.”

अण्णांनी चौकट काढली, तिचा चष्मा तिला घातला. “आता?”

“हाय.”

पुन्हा चौकट. न्हाई. पुन्हा चष्मा. हाय. मग अण्णांनी दिवे लावले, चष्मा उजेडात धरला आणि वर मोठं भिंग धरून तिला दाखवलं. काचेवर हजार सूक्ष्म ओरखडे होते, गोल गोल, एकात एक, किती निगुतीनं काढलेले.

“अक्का, हे पुसता तरी कशानं?”

“पुसायचं काय त्यात? रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासून लख्ख ठेवलाय की रोज,” चंपाक्का जरा तोऱ्यातच म्हणाली. “हिरवा डाग चढत हुता त्येच्यावर.”

अण्णांनी कपाळाला हात लावला. “तो डाग नव्हता, अक्का. तो लेप हुता. तुमी मेहनतीनं खरवडून काढलासा. डोळं धडधाकट हायती तुमचं, काच तेवढी गेली. अन् कापड कुठाय मी दिल्यालं?”

“ट्रंकेत हाय. जपून ठेवलंय.”

आधी त्रिशला हसली. मग अण्णा. मग चंपाक्का हसू लागली आणि हसता हसता स्टुलावर बसली, आणि बसल्यावर रडू लागली. लाज वाटली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते डोळे तिचे होते, धड होते, राहणार होते. महिनाभर छातीवर बसलेली शिळा कुणी उचलून नेली आणि किती हलकं झालं, हे तिला कुणाला सांगताही येईना.

नवी भिंगं आठ दिवसांत येणार होती. ती कशी धुवायची, हे अण्णांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिनंही शाळेतल्या पोरीसारखं म्हटलं.

परतीच्या एसटीत त्रिशलानं तिला खिडकीशी बसवलं. बाहेर पौषाची सांज पिकत चालली होती. तुऱ्यांच्या शुभ्र रांगांवर केशर सांडलं, पाटाच्या पाण्यात तांबडं सोनं हाललं, आभाळाच्या तळाशी सूर्य मोठा, मऊ, कुंकवाएवढा लाल होत गेला. वर्षातून एखादी अशी सांज येते. बसमधली माणसंही बोलायची थांबली.

“आत्ती, बगा तरी!”

चंपाक्कानं एक डोळा किलकिला केला, पुन्हा मिटला, आणि सुनेच्या खांद्यावर मान टाकली. “असू दे गं,” ती पुटपुटली, “उद्या बघू.”

सूर्य बुडाला, उसावरचं केशर विझलं, निळं धुकं रस्त्यावर आलं. आणि चंपाक्का झोपली होती, गाढ, निर्धास्त, काही न साठवता.