विजयाबाईंचं स्वच्छ तोंड

हरिशंकरपुरममधल्या त्या घरात तंबाखूला सक्त बंदी होती, आणि ती घालणाऱ्या विजयाबाई रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून मिस्री घासत. आता यात खोटेपणा कसला? मिस्री म्हणजे काय तंबाखू का? तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजली, कुटली, बोटावर घेतली की झालं दंतमंजन! सासूची सासू दख्खनेतून आली तेव्हापासून चालत आलेलं. मग कडी कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नवरा दौलतसिंह मात्र तळहातावर तंबाखू मळायला लागले की बाईंचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जायचा. "बाहेर व्हा आधी! घर आहे की पानाची टपरी?"

सून शामला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पेशींवर संशोधन करायची. त्या वर्षी सरकारने राज्य तोडून छत्तीसगड वेगळं काढलं, आणि कॉलेजने, काय सुचलं देव जाणे, विभाग जोडले. वनस्पतीवाले आणि प्राणीवाले एकाच छताखाली आले आणि प्रमुख झाले वनस्पतीवाले महिपतराव. मोठा मायक्रोस्कोप एकच, त्यावर त्यांचा डोळा. शामलाचं काम खरं ठरलं तर तो तिच्याकडे राहणार, नाही तर तिची रवानगी भिंडच्या शाखेत.

काम तसं सोपं. गालाच्या आतून लाकडी पट्टीने हलकंच खरवडायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं. पेशीत एक केंद्रक दिसतं. डीएनएला इजा झाली असेल तर पेशी दुभंगताना तुटका तुकडा मागे राहतो आणि मोठ्या केंद्रकाशेजारी एक चिमुकलं केंद्रक तयार होतं. तंबाखू खाणाऱ्यांत अशी चिमुकली जास्त, न खाणाऱ्यांत कमी, हेच तिला दाखवायचं होतं.

"पण न खाणारे आणू कुठून, आई? यहाँ तो हर कोई गुटखा दाबून बसलाय."

"मी आहे ना! आमचं अख्खं भजनी मंडळ आणते. एकेकीचं तोंड म्हणजे देवघर!"

बायका इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या. तंबाखू खाता का, असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर एकच, "शिव शिव!"

आणि निकाल काय लागला? देवघरांत तंबाखूवाल्यांच्या तोडीस तोड चिमुकली! महिपतरावांना आनंद लपवता येईना. "मॅडम, तुम्ही रंगाचे कण मोजलेत. शनिवारी बैठक आहे, तोवर मायक्रोस्कोप पुसून ठेवा."

शामला घरी येऊन ताटावर नुसती बसून राहिली. "आई, रंग मी दोनदा गाळला हो. मग चुकलं कुठे?" आणि रडायलाच लागली.

 चूक कुठे आहे ते विजयाबाईंना चांगलं ठाऊक होतं; न्हाणीघरातल्या फळीवरच्या डबीत होती मेली. सांगावं तर दौलतसिंह जन्मभर हसणार, न सांगावं तर पोरगी भिंडला. त्या तडक मंडळाच्या इंदुताईंकडे गेल्या. "सगळ्या मिळून सांगू या का?"

"वेड लागलंय का? माझ्या जावयाला कळलं म्हणजे?" इंदुताईंनी दारच लावलं.

शनिवारी विजयाबाईंनी नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. बैठकीत महिपतराव मायक्रोस्कोपवर हात ठेवूनच बसले होते. बाई सरळ आत गेल्या. आवाज नेहमीचाच.

"साहेब, रंग चांगला आहे. तोंडं आमची वाईट आहेत. आम्ही मिस्री लावतो, सगळ्याजणी. सुनेने विचारलं तेव्हा मी तोंडावर खोटं बोलले."

मागे दौलतसिंहांना हसूच आवरेना. हसता हसता ठसका लागला बिचाऱ्यांना.

महिपतराव लोभी असले तरी मूर्ख नव्हते. बायकांनी जे लपवलं ते या चाचणीने हुडकून काढलं, मग चाचणी खोटी कशी म्हणणार? त्यांनी हात काढून घेतला. "मिस्रीचा वेगळा गट करा, मॅडम. यंत्र राहू द्या तुमच्याकडेच."

शामलाने सासूला घट्ट धरलं, आणि मग तिच्याच गालाची काच मायक्रोस्कोपला लावून दिली. विजयाबाईंनी डोळा लावला. मोठा जांभळा गोळा, आणि शेजारी एक बारकासा कण.

"हे माझं?"

"हो, आई. तुटून पडलेला तुकडा."

आठवडाभर बाईंना काळजी होती ती अब्रूची. आता काळजी लागली ती तोंडाची. "पुसला जातो का गं?"

"पुसला नाही जात. पण मिस्री सोडलीत तर नव्या पेशी चांगल्या येतात. गालातल्या लवकर येतात."

 विजयाबाई मागे वळल्या. दौलतसिंह अजून डोळे पुसत होते.

"हसताय काय? या इकडे, आ करा! सूनबाई, ह्यांचंही खरवड. आजपासून मी सोडली, आणि ह्यांनीही सोडली. महिन्याने दोघांचं मोज. बघू कोणाचं आधी स्वच्छ होतं ते."

दौलतसिंहांचं हसू तिथेच बंद पडलं.