परत न आलेली मुलगी

"मुलगी परत आलीच पाहिजे, बू! शेवटच्या मिनिटाला का होईना, अंगणात दिसू दे." हेंदार्तोसाहेबांनी हात जोडायचेच बाकी होते. सिनेमा किती थिएटरांत लागणार, ते त्यांच्या हातात होतं.

आमच्याकडे बाईंना आदरानं 'बू' म्हणतात. दिग्दर्शिका बू वुर्यानी तळलेलं केळं खात म्हणाल्या, "नाही येत."

सेमारांग शहरातल्या थिएटरात आमच्या नव्या सिनेमाचा चाचणीचा खेळ नुकताच संपला होता. नदीत वाहून गेलेल्या मुलीची आई रोज दोन ताटं वाढते. दुसऱ्या ताटातला भात रोज कुणीतरी खातं. कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रेक्षक एकमेकांशी न बोलता बाहेर पडले होते.

एकोणीस वर्षं मी बूंचे सिनेमे संकलित करतोय. भुतांचे सिनेमे आमच्याकडे ढिगानं निघतात, किंचाळायला लावून हसत घरी पाठवणारे. बूंना तसले चालत नसत. अंगावर आलेला काटा घरी गेल्यावरही जाऊ नये, असं त्यांना वाटे.

"लोकांना एवढा अंधार कशाला दाखवता?"

"अहो, तो त्यांच्या घरात आहेच. मी नाही म्हटल्यानं जाणार आहे का?"

"मग वीस थिएटरं. त्याहून जास्त माझ्यानं होणार नाही," म्हणत हेंदार्तोसाहेब निघून गेले.

मी घाबरलो. मागचा सिनेमाही पडला होता. "बू, आधीच्या दृश्यांतून मुलगी शेवटी आणायला मला एक दिवस पुरेल. बघा तरी एकदा."

"बघू," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आम्ही दोघं पिशवी घ्यायला पुन्हा आत गेलो, तर झाडणारी बाई खुर्चीत बसलेली. दचकून उठली. "माफ करा हं. लवकर आले नि मागं उभी राहून सगळा बघितला."

"घाबरलात?" बूंनी विचारलं.

"नाही हो. माझा थोरला मासेमारीच्या बोटीवर गेला, त्याला सात वर्षं झाली. सिनेमात सगळ्यांची पोरं परत येतात, म्हणून मी बघायचंच सोडलं होतं." ती थांबली. "ही बाई माझ्यासारखीच ताट वाढते की."

बूंनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी आणायची नाही, अशी मी मान हलवली. पुढे सिनेमा अठराच थिएटरांत लागला; बूंनी कधी कुरकुर केली नाही.

"शेवट परत दाखवाल?" बाईनं भीत भीत विचारलं.

बूंनी प्रोजेक्टरवाल्याला हाक मारली आणि तिच्या शेजारी बसल्या. दिवे मालवले. बाहेर पुढच्या खेळाची माणसं जमली होती. मी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"दहा मिनिटं थांबा," म्हटलं, "आत प्रेक्षक आहेत."