माकडकोड्याखाली बोलायचं नाही

मृत्यूपुढे सारे समान, असं आमच्या दफनभूमीच्या फाटकावर दगडात कोरलेलं आहे. आत आलं की पहिल्या वर्गाच्या कबरी डाव्या हाताला टेकडीवर; तिसऱ्या वर्गाच्या उजवीकडे, जिथे पाणी साचतं.

मित्रांनो, मी टेकडीवरचा एक जुना वृक्ष आहे. माझं मूळ चिली देशातलं. या काटेरी पानांतून चढायचं कसं, हे माकडालाही कोडं पडेल, असं कुणीसं म्हणालं आणि इंग्लंडात माझं नाव 'माकडकोडं' पडलं. आजवर प्रयत्न करायला एकही माकड आलेलं नाही.

मोहरीच्या एका व्यापाऱ्याने मला आपल्या ठरलेल्या कबरीशेजारी लावलं. भोवती यू, हॉली, बर्च ही इथलीच झाडं. तेव्हा रविवारी लोक ठेवणीतल्या टोप्या घालून खास मला बघायला येत. पुढे युद्धात कुंपणाचे लोखंडी गज शस्त्रांसाठी वितळवायला गेले, माळी गेले, अंगावर आयव्हीचे वेल चढले. दीडशे वर्षं रडणं ऐकतो आहे. खरं सांगू? दमलो आहे.

इथे एक समजूत आहे. माकडकोड्याखाली तोंड उघडायचं नाही. उघडलं तर संकट ओढवतं. मोठेपणी सगळे त्यावर हसतात आणि खाली आले की गप्प होतात.

गेल्या मार्चमध्ये दफनभूमीची निगा राखणारं मित्रमंडळ आलं. अध्यक्ष रॉडनी हॅस्लप फाटकातच म्हणाले, "देशी झाडं ठेवायची, परदेशी तोडायची. हरकत असेल त्याने झाडापाशीच बोलावं. कुणी बोललं नाही, तर मंजूर!" मग त्यांनी थर्मासमधला चहा घेतला. चहा कुठल्या देशाचा, ते मी विचारलं नाही.

नऊ माणसं माझ्याखाली उभी राहिली. कुणी बोलेना. हॅस्लपांनी घड्याळ पाहिलं, मग पेन काढलं. मी मनातल्या मनात सर्वांचा निरोप घेतला.

तेवढ्यात मॅव्हिस प्लंट्रीबाई पुढे झाल्या. त्यांचे यजमान सिरिल माझ्या मुळांशी निजले आहेत.

"खबरदार झाडाला हात लावाल तर!" बाई कडाडल्या. "बावीस वर्षं येतेय मी, पण या मेल्या झाडापायी नवऱ्याशी एक शब्द बोलता आला नाही. तरी हे राहणार! जागा सिरिलने स्वतः निवडलीय. म्हणाला होता, मॅव्हिस, तिथे तरी जरा शांतता मिळेल."

हॅस्लप लगबगीने माझ्या सावलीबाहेर गेले आणि तिथून ओरडले, "बरं बाई, राहू दे! पण याची देखभाल तुमच्याकडे. बोललात ना तुम्ही?"

संकट ओढवायला एक मिनिटही लागलं नाही.

आता बाई दर गुरुवारी येतात, वेल उपटतात आणि बोलतात. बावीस वर्षांचं साठलेलं आहे. सध्या आम्ही सिरिलच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातल्या मानपानापर्यंत आलो आहोत.

मित्रांनो, जुन्या झाडांना जपा. देशी-परदेशी पाहू नका. तेही जमलं नाही, तर निदान एक करा. गुरुवारी दहा ते बारा कुणीतरी येऊन बाईंना चहाला घेऊन जा. मला जरा डुलकी काढायची आहे.