दाजींचा निरोप

सुरेखाताई वसतिगृहात आली त्या दिवशी मंजुषाला वाटलं, ही कुणाची तरी आई असेल, पोरीला सोडायला आलेली. पस्तिशीची बाई, काखेत गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली नवी गादी, आणि मागं तिचा नवरा सांडू, खांद्यावर लोखंडी पेटी घेऊन. पुरुषांना फाटकाच्या आत येता येत नव्हतं. त्यानं पेटी वॉचमनच्या खुर्चीपाशी उतरवली.

"तुमची मुलगी कुठंय?" मंजुषानं विचारलं.

"मुलगी घरी हाय, कन्नडला. हितं मीच राहणार," सुरेखा म्हणाली आणि ओशाळून हसली. "एम. ए. पहिलं वर्ष. इतिहास."

मंजुषाही इतिहासालाच होती, आणि खोलीही एकच निघाली. सांडू जाता जाता मंजुषाला म्हणाला, "ताई, हिला तेवढं मेसचं दाखवा. लाजंल अन् उपाशी झोपंल."

बारावी झाल्या झाल्या सुरेखाचं लग्न झालं होतं. शेती, म्हशी आणि मुलगी अमृता यांच्यामधून वेळ काढत तिनं बाहेरून बी. ए. केलं. पुढं शिकायचं तर विद्यापीठात राहायला हवं, म्हटल्यावर सासू गोजरबाईनं घर डोक्यावर घेतलं. "लेकराची आय हास्टेलात राहती, ऐकलंय का कुठं?" पण सांडूनं आईची समजूत काढली आणि सातवीतल्या अमृतानं आजीसमोर सांगितलं, "माझी वेणी मी घालीन. आई जाऊ दे."

पहिले काही दिवस सुरेखाताई मेसमध्ये जेवण झालं की पदर खोचून ताटं घासायला उठायची. तिथल्या बायका हसायच्या. "बसल्या जागी दुसऱ्याच्या हातचं खायचं म्हणजे चोरी केल्यावानी वाटतंय," ती म्हणायची. मग हळूहळू सवय झाली. एका दुपारी ती कॉटवर वाचत पडली होती. अचानक दोन्ही हात नाकाशी नेऊन म्हणाली, "मंजू, बघ गं. हाताला फोडणीचा वास नाय."

वर्गातल्या पोरी तिला 'काकू' म्हणत. मंजुषा मात्र पहिल्यापासून ताई म्हणायची. मंजुषा अंबडची. तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईचं डी. एड. अर्धवट सुटलं होतं, आणि ते दुःख घरात रोज ताटात वाढलं जायचं. त्यामुळं ताईनं शिकावं, ही गोष्ट मंजुषानं स्वतःच्या अंगावर घेतल्यासारखी झाली होती. तिला पहिल्या बाकावर बसवायची, नोट्स द्यायची, प्राध्यापकांना प्रश्न विचारायला कोपरानं ढोसायची.

दिवाळीनंतर सांडूचे फोन सुरू झाले. आईच्या छातीत कळ आली, लगेच ये. सुरेखा आहे तशी एसटीत बसून गेली. गोजरबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. पुढच्या खेपेला फोन आला, की अमृता लई रडती. सुरेखा गेली, तर अमृता शाळेत आणि रानात मका काढायला माणसं कमी पडलेली. त्या दिवशी तिला वर्गासमोर बोलायचं होतं, त्यावर गुण होते, ते गेले.

"दाजी खोटं बोलतात आणि तुम्ही पळत सुटता," मंजुषा चिडून म्हणाली.

"त्यांना सुधरत नाय गं माझ्याबिगर. मग असं काहीबाही सांगत्यात."

"पुढच्या वेळी मी जाऊ देणार नाही."

"मग बांधून ठेव मला," सुरेखा हसत म्हणाली.

पहिल्या सत्राची परीक्षा आली. पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुरेखा ग्रंथालयात गेली होती. फोन खोलीतच चार्जिंगला होता. तो वाजायचा थांबेना, तेव्हा मंजुषानं उचलला. सांडू होता.

"ताई, अमृताला ताप हाय. दवाखान्यात घेतलंय. तिला म्हणा, आत्ताच्या आत्ता निघ."

त्याचा आवाज घाईचा होता. पण घाईचा तर तो प्रत्येक वेळी असायचा. "सांगते," मंजुषा म्हणाली.

फोन ठेवून ती कॉटवर बसली. उद्या पेपर. ताई आज गेली तर सत्र गेलं, सत्र गेलं तर गोजरबाई परत येऊ देणार नाही. आणि साधा ताप तर कुणाला येत नाही? घरात आजी आहे, बाप आहे, दवाखाना आहे. उद्या दुपारी पेपर संपल्यावर सांगितलं तर काय बिघडणार आहे? तिनं फोन बंद करून टाकला.

सुरेखा आली तेव्हा मंजुषा म्हणाली, "दाजींचा फोन होता. पेपर चांगला लिही म्हणाले."

सुरेखा उभ्या जागी थांबली. "ते म्हनले असं?"

"हो. आणि फोन मी बंद केलाय. आता उद्या पेपर झाल्यावरच चालू करायचा."

"बरं केलंस," सुरेखा म्हणाली. पण तिचं लक्ष फोनकडं नव्हतंच. जेवताना, उजळणी करताना ती मध्येच स्वतःशी हसत होती. झोपायच्या आधी म्हणाली, "लगनाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला असं कधी म्हनलं नव्हतं." मंजुषा भिंतीकडं तोंड करून पडली. तेव्हाच सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ताईच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मोडवेना.

दुसऱ्या दिवशी सुरेखा परीक्षेच्या दालनातून बाहेर आली ती जवळजवळ धावतच. "समदं आलं मंजू! पुरवणी घेतली मी, पुरवणी!" तिनं पिशवीतून फोन काढला आणि चालू केला. एकामागून एक संदेश यायला लागले. सुरेखा वाचत गेली आणि तिच्या तोंडावरचं सगळं उतरत गेलं.

अमृताला डेंग्यू झाला होता. पेशी झपाट्यानं उतरल्या, म्हणून पहाटे कन्नडहून हलवून तिला शहरातल्याच एका दवाखान्यात आणलं होतं. सुरेखा पेपर लिहीत होती तेव्हा तिची मुलगी रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर सलाईन लावून पडली होती.

"ताई," मंजुषा म्हणाली, "मला काल कळलं होतं. मला वाटलं, दाजी नेहमीसारखंच..."

सुरेखानं तिच्याकडं पाहिलं. ओरडली नाही. "म्हंजी पेपर चांगला लिही, हे बी त्यांनी म्हनलं नव्हतं?"

मंजुषानं नकारार्थी मान हलवली.

"मी गेले असते का नसते, ते मला ठरवू द्यायचं व्हतंस," सुरेखा म्हणाली. "जन्मापास्नं माझं दुसऱ्यांनीच ठरवलं. तू बी तेच केलंस, मंजू." आणि ती रिक्षा शोधायला रस्त्याकडं गेली. मंजुषा मागं निघाली, तर हातानंच नको म्हणाली.

अमृता वाचली. काही दिवस जिवाला घोर लागला, मग पेशी वाढल्या, ताप उतरला. सुरेखा तिच्या कॉटपासून हलली नाही आणि पुढच्या पेपरांना आली नाही. मुलीला घेऊन ती परस्पर कन्नडला गेली. पेटी आणि गादी न्यायला सांडू एकटाच आला.

मंजुषा सामान घेऊन फाटकाशी गेली. त्यानं काही तरी बोलावं, शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं. तो गादीची दोरी आवळत राहिला.

"दाजी, चूक माझी आहे. ताईला खरंच माहीत नव्हतं."

"मला ठावं हाय," तो खाली बघत म्हणाला. "माझी आई नाय मानत. म्हनती, निरोप दिला अन् ही पेपर लिहीत बसली. गल्लीभर तेच सांगती." गाठ मारून झाल्यावर तो उभा राहिला. "मी आधी खोटं बोललो नसतो, तर तुम्ही खरं मानलं असतं. तुम्हाला काय म्हनू मी?"

परीक्षा संपल्यावर मंजुषा कन्नडला गेली. स्टँडवर विचारत विचारत घर शोधलं. गोजरबाईनं पाणी दिलं, ऐकूनही घेतलं, आणि म्हणाली, "एका खोलीतल्या तुम्ही. तू तिचीच बाजू घेणार, पोरी."

अमृता दाराशी उभी होती. केस विरळ झालेले, फ्रॉक ढगळ. मंजुषा तिच्यासमोर जाऊन बसली आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईला कसं कळलं नाही, आणि कळू न देणारी आपणच.

अमृतानं नीट ऐकलं. मग आईकडं वळून म्हणाली, "पण तू रोज सकाळी फोन करायचीस ना? त्या दिवशी का नाय केला?"

चुलीपुढं बसलेल्या सुरेखाला 'फोन बंद होता' म्हणून सुटता आलं असतं. ती म्हणाली, "पेपर डोक्यात व्हता, बाळा."

अमृता मागच्या दारानं निघून गेली.

सुरेखा मंजुषाला सोडायला रस्त्यापर्यंत आली. वाटेत म्हणाली, "तू फोन बंद केलास. पण तो माझ्या उशाखालीच व्हता की. मी बी चालू करून बघितला नाय. मला मनातनं वाटलं व्हतं, आजच्या दिवस घर नको. तेवढा एक दिवस."

"त्यात काय चुकलं, ताई?"

"मला काय म्हाईत," सुरेखा म्हणाली. "पर लेकीला काय सांगू?"

तेवढ्यात जीप आली आणि मंजुषाला बसावं लागलं.

निकाल लागला. त्या एका पेपरात वर्गात सर्वांत जास्त गुण सुरेखाचे होते, बाकीच्या पेपरांपुढं गैरहजर. मंजुषानं फोन करून सांगितलं. पलीकडून फक्त "व्हय का?" एवढं आलं, आणि मग म्हैस व्यायल्याची बातमी.

पुढं मंजुषाचं एम. ए. झालं. ती आता करमाडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. अधूनमधून ती कन्नडला फोन करते. अमृताची तब्येत सुधारली आहे, पण आई बाजाराला गेली तरी ती ओट्यावर येऊन तिची वाट बघत बसते, असं सुरेखा सांगते. मागच्या वर्षी मंजुषानं मनाचा हिय्या करून विचारलं, "ताई, परत प्रवेश घेता येतो. मी चौकशी करू का?"

"नको," सुरेखा पटकन म्हणाली. मग मऊ आवाजात, "तू नको करू. वाटलं तर मीच करीन."

त्यानंतर मंजुषानं तो विषय काढलेला नाही. सुरेखानंही नाही.