बाहीत हात

बाबांची हिरवी जर्सी मी तीन दिवस शिवत होते, आणि ती कधी फाटली होती हे आईला कळू नये एवढीच माझी धडपड होती.

फाटली म्हणजे कापलेली होती, गळ्यापासून खालपर्यंत, उभी. जुन्या खेळाडूंच्या सामन्यात बाबा गोलसमोर कोसळले, तेव्हा ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने छाती मोकळी करायला कात्री लावली. इस्पितळातून ती मला प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळाली. आईला मी सांगितलं होतं की बाबा खाली बसले आणि गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. खरं तर ते त्यानंतर पाऊण तास होते. दोनदा त्यांनी आईला बोलवायला सांगितलं. फोन माझ्या हातात होता. मला वाटलं, जरा बरं वाटू दे, मग कळवू, उगाच घाबरेल. आणि मग कळवण्यासारखं एकच उरलं.

ती जर्सी उघडी पाहिली असती तर आईने विचारलंच असतं, की गेलेल्या माणसाचे कपडे इतक्या घाईने कोण कापतं.

बाबांचा धंदाच जर्स्या फ्रेम करण्याचा. लोकांच्या घामाच्या, चिखलाच्या, सह्या केलेल्या जर्स्या त्यांनी आयुष्यभर काचेआड नीट बसवल्या, पण स्वतःची मात्र कपाटात घडी करून ठेवलेली. दिव्याखाली अंधार, असं आई म्हणायची. त्यावर ते म्हणत, "काच लावली की माणूस निवृत्त झाला. मी अजून खेळतोय." आता आईला ती घरी, त्यांच्या खुर्चीच्या वर हवी होती. रोज सकाळी फोन करून विचारायची, झाली का.

मी कापाच्या दोन्ही कडा जुळवल्या, आतून पातळ जाळी लावली आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने टाके घातले. दुसऱ्या दिवशी ते सगळे उसवले, कारण कापड चुण्या धरत होतं. पुन्हा घातले, आणखी जवळ. मग पुठ्ठ्याचा साचा आत सरकवला, पाठ वर केली, तिच्यावरचा 'एक' हा आकडा समोर आणला आणि जर्सी बोर्डावर टाचली. गोलकीपरची जर्सी पाठीकडून दाखवतात, त्यात कुणाला काही वावगं वाटणार नव्हतं. काच लावली, मागून खिळे मारले, कागदाची पट्टी चिकटवली. सगळं इतक्या घाईने केलं की बाबांचा रिवाज मी विसरले. विसरले असं मी स्वतःला सांगत होते.

रिवाज असा, की काच लावण्याआधी गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि एकदा बाहीत हात घालू द्यायचा. त्यानंतर ती जर्सी कुणाच्या अंगाला लागणार नसते. मोठमोठी माणसं त्या टेबलापाशी गप्प होत. एकदा एक जाडजूड पहिलवान कोपरापर्यंत अडकून बसला, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "राहू द्या, आता तुम्हालाच फ्रेम करतो." आई तेव्हा गल्ल्यावर होती. ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते.

चौथ्या दिवशी आई फोन न करता दुकानात आली. फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. छान झालंय म्हणाली. कडा सरळ आहेत, ह्यांना आवडलं असतं. मग तिने पर्स टेबलावर ठेवली आणि हातातली बांगडी काढून पर्समध्ये टाकली.

"उघड."

मी म्हटलं, पट्टी वाळली आहे, आता उघडली तर बोर्डाला बाक येईल. ती म्हणाली, येऊ दे. मी म्हटलं, हात मी घातला होता, आपल्या दोघींच्या वतीने. ती माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं तिने त्या गल्ल्यावरून माणसांची तोंडं वाचली होती.

"तू मुलगी आहेस गं. मी बायको आहे. उघड."

मी फ्रेम पालथी घातली. पट्टी कापली, खिळे काढले, बोर्ड बाहेर घेऊन टेबलावर ठेवला. काच चौकटीतून सुटली, ती मी हातात धरली. आईने बाहीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. तिने डोळे मिटले होते. मग हात थांबला आणि कापडाखाली बोटं हळूहळू वरून खाली सरकू लागली. जिथे पुठ्ठा संपतो तिथेसुद्धा ती थांबली नाहीत.

"कुठपर्यंत आहे हे?"

"खालपर्यंत."

"टाके तुझे आहेत. ह्यांचे एवढे जवळ नसायचे." मग ती म्हणाली, "म्हणजे कापली तेव्हा हे जिवंत होते."

"होते."

"किती वेळ?"

मी सांगितलं. ती हिशेब लावत असावी. त्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर.

"माझं नाव काढलं?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. शब्द तयार होते, आधीच्या खोट्याला अगदी बेमालूम जोडले गेले असते.

"दोनदा," मी म्हटलं. आणि मग जे तिने विचारलं नव्हतं तेही सांगू लागले, फोन कसा हातात होता, मला काय वाटलं, कसं वाटलं. माझं मलाच ते ऐकवेना. मध्येच थांबले.

आई रडली नाही. रडली असती तर मला जवळ तरी जाता आलं असतं. बाहेर एक गिऱ्हाईक डोकावलं. त्याला मी उद्या या म्हटलं.

"आई, काच लावू?"

"नको."

तिने हात काढला नाही. बोटं परत वर गळ्याशी गेली आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू झाली. मी काच दोन्ही हातांत धरून उभी राहिले. ती ठेवायला टेबलावर जागा नव्हती.